पदवी : शब्दांचे वंश आणि वारस

इ.स. १६७४ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. या घटनेचे राजकीय आणि धार्मिक अंग इतिहासकारांनी सविस्तर उलगडून दाखविले आहे. तिचे भाषिक अंग मात्र बहुधा तळटीपेतच राहते. त्या दिवशी राजाने छत्र धारण केले, नवा शक सुरू झाला, आणि त्याचबरोबर राज्याच्या अधिकाऱ्यांना नवी नावे मिळाली. पेशवा हा पंतप्रधान झाला, मुजुमदार हा अमात्य झाला, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती झाला. मोरोपंत पिंगळे आदल्या दिवशी जे काम पाहत होते तेच दुसऱ्या दिवशीही पाहत राहिले. हंबीरराव मोहिते यांच्या हाताखालचे घोडदळही तेच राहिले. पालटली ती नावे. पुढे महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दहा वर्गांत सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले.

एवढ्या धामधुमीच्या काळात एका राज्यकर्त्याला शब्दांची एवढी चिंता का वाटावी, हा प्रश्न वरवरचा नाही. पदवी हा शब्दांतला एक वेगळाच प्रकार आहे. ‘घोडा’ किंवा ‘तलवार’ या शब्दांना कोणाची मान्यता लागत नाही; पदवीला देणारा लागतो, घेणारा लागतो, आणि त्या दोघांखेरीज ती उच्चारणारा तिसराही लागतो. दिली आणि घेतली तरी लोकांच्या तोंडी न बसलेली पदवी कागदावरच राहते. म्हणून पदवीच्या अर्थाबरोबर ती कोणाच्या हातून आली आणि कोणाच्या जिभेवर टिकली, याचाही शोध घ्यावा लागतो. मराठ्यांच्या इतिहासात या शोधाला विपुल सामग्री आहे. मात्र तिचे मोल नीट कळावे म्हणून प्रथम जरा दूर, चीन आणि जपानच्या दरबारांकडे पाहणे उपयोगी ठरेल. कारण पदवीच्या एकेका अक्षरासाठी झगडा करण्याची परंपरा तेथे दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे.

प्राचीन चीनमध्ये चौ वंशाच्या काळी राजाला ‘वांग’ म्हणत आणि त्याच्या खालच्या मांडलिकांसाठी गोंग, होऊ, बो, त्झु आणि नान अशी पाच पदे पुढील परंपरेने सांगितली आहेत. यांतील काही शब्द मुळात किती घरगुती आहेत हे पाहण्याजोगे आहे. ‘बो’ म्हणजे थोरला भाऊ किंवा चुलता, ‘त्झु’ म्हणजे पुत्र, ‘नान’ म्हणजे पुरुष. राज्य हे एक वाढलेले कुटुंब आहे, ही धारणाच या शब्दांतून बोलते. पुढे चौ राजांची सत्ता ढिली पडली, तेव्हा एकेक मांडलिक स्वतःला ‘वांग’ म्हणवू लागला. सगळेच ‘वांग’ झाल्यावर त्या शब्दात राम उरला नाही. इ.स.पू. २२१ मध्ये छिनच्या राजाने सर्वांना जिंकले तेव्हा त्याला जुना शब्द पुरेना; त्याने देवांच्या आणि पुराणपुरुषांच्या नावांतील दोन शब्द जोडून ‘ह्वांगदी’ ही नवी पदवी घडविली. तेव्हापासून ‘वांग’ एक पायरी खाली उतरला आणि राजपुत्रांसाठी व बाहेरच्या राजांसाठी वापरला जाऊ लागला. नाणे फार पाडले की त्याचे मोल उतरते. पदव्यांचेही तसेच होते, याचा हा फार जुना दाखला म्हणता येईल.

चीनच्या भोवतालच्या राज्यांत हा प्रश्न अधिकच नाजूक झाला. कोरियाच्या राजाला चीनच्या सम्राटाकडून ‘वांग’ म्हणून मान्यता मिळे. व्हिएतनामचे राजे आपल्या प्रजेपुढे सम्राट असत आणि चिनी दरबाराशी पत्रव्यवहार करताना केवळ राजे होत. जपानने आपल्या अधिपतीला ‘तेन्नो’ म्हणजे स्वर्गीय सम्राट असे म्हणवून वेगळी वाट धरली. तरी पंधराव्या शतकाच्या आरंभी शोगुन आशिकागा योशिमित्सु याने मिंग दरबाराकडून ‘जपानचा राजा’ ही पदवी स्वीकारली, आणि व्यापाराचा लाभ होऊनही त्याबद्दल त्याला पुढच्या पिढ्यांनी दोष दिला. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानने कोरियाला पाठविलेल्या पत्रात आपल्या सम्राटासाठी ‘ह्वांग’ हे अक्षर योजले. ते अक्षर चीनच्या सम्राटाखेरीज कोणालाही लावता येत नाही, असे म्हणून कोरियाच्या दरबाराने पत्रच स्वीकारले नाही. एका अक्षरावरून सुरू झालेला हा वाद पुढे जपानात कोरियावर स्वारी करावी की काय इथपर्यंत गेला. अखेर १८९७ मध्ये कोरियाच्या राजाने स्वतःच सम्राटपद धारण केले, आणि तेच अक्षर आपल्यासाठी वापरले.

या पार्श्वभूमीवर रायगडावरील सोहळ्याकडे पाहिले म्हणजे त्यातील शब्दनिवडीचा नेमका अर्थ ध्यानी येतो. शहाजीराजांच्या पिढीतील मराठे सरदारांना मानमरातब होता. परंतु तो निजामशाहीने किंवा आदिलशाहीने दिलेला होता. जो देतो तो परतही घेऊ शकतो. ‘छत्रपती’ हा शब्द कोणत्याही पातशाहाच्या फर्मानातून आला नव्हता, आणि म्हणून तो कोणाला काढून घेता येण्यासारखा नव्हता. अधिकाऱ्यांची संस्कृत नावे हा त्याच विचाराचा पुढचा भाग होय. पेशवा, डबीर, सुरनीस हे शब्द वाईट होते असे नाही. ते दुसऱ्याच्या दरबारात घडले होते, इतकेच.

तथापि शब्दांच्या बाबतीत राजाची आज्ञा कोठवर चालते? १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांची स्थिती व्हिएतनामच्या राजांसारखी दुपदरी होती. साताऱ्यास ते छत्रपती होते; औरंगजेबाच्या छावणीत मात्र त्यांना ‘राजा’ हा किताब आणि सात हजारी मनसब मिळाली होती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्याबरोबर चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. यांतील ‘सरदेशमुखी’ या शब्दाकडे थांबून पाहावे. देशमुख हा परगण्याचा वतनदार आणि सरदेशमुख हा देशमुखांचा मुख्य. म्हणजे घरात जो सार्वभौम सिंहासनाधीश्वर, तोच दक्षिणेच्या सहा सुभ्यांत एका वतनदाराच्या नात्याने आपला हक्क मागत होता. याला दुटप्पीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एका शब्दाने मान राखायचा आणि दुसऱ्या शब्दाने मुलूख मिळवायचा, हे त्या काळाचे व्यवहारज्ञान होते. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या वास्तव्यात, राज्य जवळजवळ हातचे गेले असताना, ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निर्माण झाले आणि रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकमतपन्हा’ हा फारसी किताब मिळाला. कोशातील संस्कृत आणि कारभारातील फारसी अशा रीतीने शेजारी शेजारी नांदत राहिल्या.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पेशवेपद हेच आहे. कोशाने ‘प्रधान’ म्हटले, शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ असे कोरले गेले, पत्रांच्या मायन्यात ‘पंतप्रधान’ लिहिले गेले. पण लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘पेशवा’ राहिला. ‘पुढे असणारा’ एवढाच ज्याचा मूळ अर्थ, तो शब्द १७१३ नंतर खरोखरीच सर्वांच्या पुढे गेला. येथे जपानच्या शोगुनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ११९२ मध्ये मिनामोतो योरितोमो याला मिळालेल्या पदवीचा अर्थ ‘रानटी टोळ्यांचे पारिपत्य करणारा महासेनापती’ असा होता. टोळ्या इतिहासजमा झाल्या, पण सेनापतीची पदवी उरली आणि तिने सात शतके जपानचे राज्य चालविले. क्योतोच्या सम्राटाकडे मान राहिला आणि शोगुनाकडे सत्ता. सातारा आणि पुणे यांच्या नात्याचे चित्र याहून फार निराळे नव्हते. दोन्हीकडे चाकराच्या पदवीने धन्याचे काम केले, आणि दोन्हीकडे धन्याची पदवी पुसून टाकण्याचे धाडस चाकराने केले नाही, कारण त्याची स्वतःची पदवी तीवरच उभी होती. शेवट मात्र वेगळा झाला. जपानात शोगुनशाही मोडणाऱ्यांनी सम्राटाला पुढे आणून नवे राज्य उभारले. येथे १८१८ मध्ये पेशवाई संपविताना इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींची पुनःस्थापना केल्याचा गाजावाजा केला, आणि १८४८ मध्ये ते राज्यच खालसा केले.

मराठी सरदारांच्या पदव्यांची माळ ओवली तर तिच्यात अरबी, फारसी आणि संस्कृत मणी एकत्र दिसतात. आंग्र्यांची ‘सरखेल’, नागपूरकर भोसल्यांची ‘सेनासाहेबसुभा’, दाभाड्यांकडून पुढे गायकवाडांकडे आलेली ‘सेनाखासखेल’ आणि तिच्या जोडीची ‘समशेर बहादर’ या सर्व पदव्या साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने मिळाल्या होत्या. मुलुखावरचा अंमल कितीही स्वतंत्र झाला तरी बडोद्याच्या राजांच्या बिरुदावलीत ‘सेनाखासखेल समशेर बहादर’ हे शब्द विसाव्या शतकापर्यंत राहिले. त्या दरबाराचे मूळ कोठे होते याची साक्ष त्या शब्दांनी दिली. परभाषेतील शब्द स्वीकारताना मराठीने त्यांचे व्याकरणही आपल्या सोयीने वाकविले. ‘उमरा’ हे अरबीत ‘अमीर’चे अनेकवचन, मराठीत ‘उमराव’ हा एकच माणूस झाला. ‘नवाब’ हेही ‘नायब’ या शब्दाचे अनेकवचनी रूप. म्हणजे जो मुळात दुय्यम होता तो बहुवचनाच्या आदराने राजा होऊन बसला.

पदवी स्वीकारण्यातला पेच सर्वांत उघडपणे दिसला तो १७९२ मध्ये. महादजी शिंदे यांनी शाहआलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-ए-मुतलक’ हे पद मिळविले होते आणि त्याची वस्त्रे घेऊन ते पुण्यास आले. प्रत्यक्षात बादशहा महादजींच्याच आधाराने दिल्लीत राहत होता. तरी त्याच्या नावाची पदवी छत्रपतींच्या प्रधानाने घ्यावी काय, हा प्रश्न पुण्यात निकराने विचारला गेला. नाना फडणीस नाखूश होते. अखेर सातारकरांची संमती घेऊन समारंभ पार पडला. दुबळ्या बादशहाने दिलेली पदवी घेण्यासाठी दुबळ्या छत्रपतींची परवानगी लागावी, हा प्रसंग वरवर हास्यास्पद वाटेल. पण शब्दांची सत्ता तलवारीच्या सत्तेहून सावकाश मरते, एवढे त्यावरून निश्चित होते. आणि ज्यांनी हा सगळा घाट घातला ते महादजी स्वतःला ‘पाटील’ म्हणवीत. उत्तर हिंदुस्थानचे राजकारण ज्याच्या मुठीत होते, त्याने गावच्या वतनाचा शब्द आपल्यासाठी राखावा, यात विनय किती आणि मुत्सद्देगिरी किती हे ठरविणे कठीण आहे.

महादजींच्या फौजा ज्या प्रदेशात वावरल्या तेथे, यमुना आणि सतलज यांच्यामधल्या मुलुखात, मराठीला परिचित असलेल्या एका पदवीचे नशीब अगदी वेगळे निघाले. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या उपाशी छावणीला धान्य पुरविणाऱ्यांत पतियाळ्याचे आलासिंग होते. त्याच आलासिंगांना १७६५ मध्ये अहमदशहा अब्दालीने ‘राजा’ ही पदवी दिली. मित्राच्या शत्रूकडून आलेली पदवीही घ्यावी लागते, असा तो काळ होता. या मुलुखात घग्गर नदीच्या काठी आज पंचकुला हे शहर वसले आहे. मराठी कानाला या नावात शहाण्णव कुळांच्या धर्तीवर पाच कुलीन घराणी ऐकू येतील. पण तेथील परंपरा सांगते की ‘कुल’ म्हणजे नदीतून काढलेला पाट, आणि पंचकुला म्हणजे पाच पाटांचा मुलूख. ध्वनी तोच, पण एकीकडे वंश आणि दुसरीकडे पाणी. ‘सरदार’ या शब्दाचेही तसेच झाले. पंजाबात शीख मिसलींच्या म्होरक्यांसाठी वापरला जाणारा हा शब्द पुढे प्रत्येक शिखाच्या नावामागे लागला. आज पंचकुल्यात किंवा चंदीगडात दुकानदारालाही ‘सरदारजी’ म्हणून हाक मारतात. महाराष्ट्रात मात्र इंग्रजांनी दक्षिणेतील सरदारांची यादी केली, त्यांचे तीन वर्ग पाडले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र एजंट नेमला. एकीकडे शब्द वाटला गेला आणि वाढला. दुसरीकडे तो यादीत बंद झाला. १९२८ मध्ये बार्डोलीच्या शेतकऱ्यांच्या लढ्यातून वल्लभभाईंच्या नावामागे तो लागला, तेव्हा त्याला तिसराच जन्म मिळाला.

लोकांनी पदवी द्यावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मूळ धरू लागली होती. इंग्रजी अमदानीत रावसाहेब आणि रावबहादुर या किताबांचा सुकाळ झाला आणि चीनच्या ‘वांग’ची गत त्यांच्याही वाट्याला आली. गोपाळ हरी देशमुख यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मूळ आडनाव सिधये, घराण्याच्या वतनामुळे झालेले देशमुख, सरकारी मान्यतेने सरदार आणि रावबहादुर. पण मराठी वाचक त्यांना ओळखतो तो त्यांनी स्वतः घेतलेल्या ‘लोकहितवादी’ या नावाने. १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली, तेव्हा देणारा हात दरबाराचा नव्हता, कष्टकरी समाजाचा होता. ‘लोकमान्य’ ही पदवी तर आपला देणारा कोण हे स्वतःच्या नावातच सांगते. या पदव्यांना सनद नव्हती, मनसब नव्हती, जहागीर नव्हती. म्हणून त्या कोणाला खालसाही करता आल्या नाहीत.

पद गेले म्हणजे पदवीचे काय होते? पुष्कळदा ती आडनाव होऊन राहते. राज्यव्यवहारकोशाने हद्दपार केलेले शब्द आज महाराष्ट्रातील घरांच्या दारांवर वाचावयास मिळतात: पेशवे, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनोबत. चीनमध्येही हेच घडले. ‘वांग’ आणि ‘होऊ’ ही तेथील आडनावे आहेत, आणि ‘सिमा’ या आडनावाचा अर्थ अश्वाधिकारी. चीनच्या इतिहासलेखनाचा आद्य पुरुष सिमा छ्येन हा त्या आडनावाचा; मराठीत बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस, कागदपत्रे उजेडात आणणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि मराठी रियासत रचणारे गोविंद सखाराम सरदेसाई हे तिघेही जुन्या अधिकारपदांचीच नावे वागवीत होते. जपानात सम्राटाच्या रक्षकदलातील हुद्दे ‘एमोन’ आणि ‘बेई’ या रूपांनी सामान्य माणसांच्या नावांच्या शेवटी जाऊन बसले. भारतीय मुलांच्या परिचयाचा चित्रपटातील डोरेमॉन त्याच रक्षकाचे शेपूट आपल्या नावात मिरवितो. त्याच जपानने १८८४ मध्ये चिनी पाच पदांच्या आधारे नवी सरदारकी उभारली. तिच्यातील पहिल्या दोन श्रेणींचा उच्चार एकच, ‘कोशाकु’. थोरला कोण आणि धाकटा कोण हे केवळ लिहून दाखविता येई. १९४७ च्या संविधानाने ती सरदारकी रद्द झाली.

भारताच्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदानेही १९५० मध्ये किताबांना मनाई केली. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपविले. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्मपुरस्कार हे नावाच्या मागेपुढे लावण्याचे किताब नव्हेत, असा निर्वाळा दिला. आणि नेमक्या याच प्रजासत्ताकात राज्यव्यवहारकोशाचा विजय झाला. हिंदीत ज्याला ‘प्रधानमंत्री’ म्हणतात त्याला मराठी माणूस ‘पंतप्रधान’ म्हणतो. हा शब्द थेट अष्टप्रधानांच्या मंडळातून आला आहे. मंत्री, सचिव आणि न्यायाधीश हेही त्याच मंडळातले. अडीच-पावणेतीन शतके जे शब्द लोकांच्या तोंडी पुरते बसले नव्हते ते लोकशाहीत बसले, आणि ज्या फारसी शब्दांनी त्यांना रोखले होते ते आडनावांत विसावले. फारसी घडणही अगदीच मागे हटली नाही, हेही नमूद केले पाहिजे: विधानसभेच्या सदस्याला ‘आमदार’, लोकसभेच्या सदस्याला ‘खासदार’ आणि मंत्र्याला ‘नामदार’ म्हणताना मराठी जुन्या दरबाराच्याच साच्यातून नव्या सत्तेची नावे काढते. नावाच्या मागे ‘श्रीमंत’ आणि पुढे ‘राजे’ लावण्याची हौसही ओसरलेली नाही. किताब कायद्याने जातो. त्याची भूक मात्र कायद्याला दिसत नाही.

तरीही शब्दांच्या या प्रवासात आश्वासक असे एक स्थळ आहे. जिंजीच्या संकटकाळात जन्मलेल्या ‘प्रतिनिधी’ या पदाचा अर्थ राजाच्या वतीने वागणारा असा होता. त्या पदावरून एक घराणे नावारूपास आले आणि औंध संस्थानात त्याने पिढ्यान्पिढ्या राज्य केले. १९३९ मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना स्वीकारून कारभार प्रजेच्या हाती सोपविला. ग्रामपंचायतींपासून विधिमंडळापर्यंत निवडून आलेल्या माणसांनी तो चालवावा असे ठरले. प्रतिनिधींच्या राज्यात प्रतिनिधी निवडले गेले, आणि एका पदवीचा देणारा हात बदलला. आज ‘लोकप्रतिनिधी’ हा शब्द उच्चारताना जिंजी कोणाला आठवत नाही, औंधही क्वचितच आठवते. मात्र ज्याच्या वतीने बोलायचे तो धनी आता सिंहासनावर बसलेला नाही, तो मतदानाच्या रांगेत उभा आहे. आणि दिलेली पदवी परत घेण्याचा अधिकार, जो पूर्वी पातशहाकडे आणि छत्रपतींकडे होता, तो आता त्याच्याकडे आहे.